गोळा कुठल्या बाजूला

माझ्या नाकावर राग असतो हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, तेव्हा त्याचं आता काही वाटत नाही. पण त्या संध्याकाळी मी चिडले ती उगाच नाही. ती हिरवी गाडी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, खाली वाकून पाहिली होती, या असल्या गुडघ्यांनिशी. आणि भाऊजी मला फोनवर सांगत होते की माझं चुकलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे हे आणि भाऊजी, दोघा भावांचं गॅरेज होतं, गाड्या उंच करून द्यायचं. साधा ट्रक नाहीतर पिकअप आत यायचा. हे त्याचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बदलून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर उचलायचे, खाली थोरले टायर घालायचे, की मग ती गाडी चिखलात, दगडधोंड्यांत, नदीच्या पात्रात, कुठेही शिरायला मोकळी. काही जण कामासाठी करून घेत, लाकडाचे ठेकेदार, विजेच्या तारा ओढणारे. काही नुसते हौशी. चासीचं काम ह्यांचं आणि पोटाखालचं सगळं भाऊजींचं. पोटाखालचं म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारं जे जे असतं ते, गिअरबॉक्स, शाफ्ट, ॲक्सल. मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर. लग्न होऊन आले तेव्हा मला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. पुढे पुढे डोळे मिटून हातात बेअरिंग दिलं तरी सांगायचे, हे कुठल्या गाडीच्या हबातलं. कारागीर मला तोंडावर वहिनी म्हणायचे आणि पाठीमागे काउंटरबाई. मला दोन्ही चालायचं.

हे गेले, गॅरेज विकलं. भाऊजी मुलाकडे राहायला गेले, इथून बस बदलून जावं लागतं इतक्या लांब. मी या दोन खोल्यांत, पहिल्या मजल्यावर. समोर पेट्रोलपंप आहे, म्हणून ही जागा घेतली. मुलीने खूप समजावलं की मागे बागेकडे तोंड असलेली बघ, शांत असते. शांतता काय करायचीय मला? ती माझ्याकडे भरपूर आहे.

मुलगी दर रविवारी फोन करते. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. तिचं बिचारीचं चुकत नाही. पण भाऊजी रोज दिवेलागणीला फोन करायचे आणि ते गोळ्यांचं नाही, गोळ्याचं विचारायचे. दोघांपैकी कोणाच्या फोनची मी वाट बघत असेन ते सांगायला नको.

गोळा म्हणजे काय ते सांगते. पुढच्या ॲक्सलवर एक गरगरीत लोखंडी फुगवटा असतो. त्याच्या आत दातेरी चक्रं असतात आणि शाफ्टकडून आलेलं फिरणं तिथे दोन्ही चाकांना वाटून दिलं जातं. कागदोपत्री त्याला डिफरन्शियल म्हणतात, आमच्या गॅरेजात गोळा. पुढचा गोळा बरोबर मध्ये नसतो, कारण डोक्यावर इंजिन असतं. तो एका बाजूला सरकवलेला असतो, काही गाड्यांचा डावीकडे, काहींचा उजवीकडे, आणि त्यावरून जाणकाराला कळतं की ॲक्सल कोणाचा. एरवी हे दिसत नाही. पण गाडी उंच केलेली असली की समोरून येताना सगळं पोट उघडं पडतं.

आणि डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. गाडीसमोर उभं राहिलं की आपल्या डाव्या हाताला जे दिसतं ते गाडीचं उजवं. नवा माणूस इथे हमखास आपटतो. भाऊजींना विचार करावा लागत नसे, समोरून गाडी येताना दिसली की डोळाच बाजू फिरवून घ्यायचा.

त्यांच्या मुलाचं घर उतारावर आहे. भाऊजींची खोली मागच्या अंगाला, रस्त्याच्या खाली गेलेली, त्यामुळे खिडकी बरोबर टायरच्या उंचीला येते. समोरून एक रस्ता थेट खिडकीवर चालून येतो आणि तिथेच वळतो. वळायच्या आधी गाड्या थांबतात. दुसरा कोणी अशा खोलीला नाक मुरडेल. भाऊजींनी ती मागून घेतली. तिथून त्यांना गाड्यांची पोटं दिसायची आणि मला इथून टपं, त्यामुळे आम्हा दोघांत मिळून एक अख्खी गाडी व्हायची.

फोनवर नमस्कार-चमत्कार नाही, तब्येत नाही, हवापाणी तर नाहीच. "वहिनी, आज एक आली होती," इथून सुरुवात. मग उंची पाटे वाढवून दिलीय की खाली ठोकळे सरकवून फसवलंय, शाफ्ट किती तिरका झालाय, असा तिरका चालवला तर त्याचे सांधे किती दिवस टिकतील. मी म्हणायचे, काहीतरीच, तुमच्या दिसण्यात चूक आहे. ते म्हणायचे, तुमच्या समजण्यात. मी म्हणेन ती पूर्व दिशा, आणि ते तर सूर्यालाही उलट तपासणीला उभं करतील असे. तास तास भांडायचो. आमचं एकमत झालेलं मला आठवत नाही, आणि फोन ठेवला की मला छान भूक लागायची.

मध्ये मी दोनतीनदा म्हटलं की येऊन जाते. तर म्हणाले, नका येऊ, घरात रंगकाम चाललंय. पुढच्या वेळी विचारलं तर पुन्हा रंगकाम. एव्हाना एखादा राजवाडा रंगवून झाला असता. पण मी जास्त खोदलं नाही. मला वाटलं, सुनेला पाहुणे नको असतील, आणि भाऊजी बिचारे तिची बाजू सांभाळताहेत.

तर ती हिरवी गाडी. दुपारी पंपावर आली. माझ्या कमरेपेक्षा उंच चाकं, केबिनमध्ये चढायला ड्रायव्हरला लोखंडी पायऱ्या. वरून बघून माझं समाधान होईना. चपला घातल्या, जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि गाडीपुढे जाऊन वाकले. गोळा डावीकडे. त्या कंपनीच्या गाडीला आजवर कधी डावीकडे गोळा आलेला नाही, सगळ्या उजव्या. म्हणजे कोणीतरी दुसऱ्याच गाडीचा ॲक्सल आणून बसवला होता, आणि शाफ्ट सरळ जावा म्हणून तो जिथून निघतो ती वरची गिअरची पेटीही बदलली होती. जोडकाम इतकं साफ की हात फिरवावासा वाटला. मी फिरवलाही.

ड्रायव्हर खाली उतरून आला आणि आजी काय पडलं म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, काही नाही, तुझा गोळा डावीकडे आहे. त्याने आधी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. गाडी मालकाची, त्याला बापड्याला पोटाखालचं काही ठाऊक नव्हतं. कुठे निघालास विचारलं तर त्याने जो रस्ता सांगितला तो बरोबर भाऊजींच्या खिडकीवरून जाणारा.

मी भाऊजींना फोन केला नाही. म्हटलं, बघू देत त्यांचं त्यांना. आज पहिल्यांदा आमचं एकमत होणार, असं मनात येऊन मला हसू फुटत होतं. अख्खी दुपार मी घरात इकडून तिकडे करत काढली.

दिवेलागणीला फोन आला. म्हणाले, एक हिरवी आली होती, उंची चांगली दिलीय, टायर थोरले, पण आत राम नाही. पुढचा ॲक्सल कंपनीचाच, गोळा उजवीकडे. वरवरची हौस.

दुपारभर जपून ठेवलेली गोष्ट अशी मातीत गेली. मग म्हटलं, डावीकडे. ते म्हणाले, उजवीकडे. मी म्हटलं, मी वाकून पाहिलाय, हात लावून पाहिलाय. ते म्हणाले, तुम्ही दुसरी गाडी पाहिली असेल. आता हिरव्या रंगाचे, तसल्या पायऱ्यांचे दोन ट्रक एका दिवशी एका रस्त्याने जातील काय? माझा पारा चढला. भाऊजी कितीही भांडले तरी गाडीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस, एवढी ढोबळ चूक करणार नाही. मग एकच अर्थ निघत होता.

"भाऊजी, गाडी पाहिलीच नाहीत तुम्ही," मी म्हटलं. "कोणाकडून तरी ऐकून मला सांगताय. किती दिवस चाललंय हे?"

पलीकडून भाऊजी एवढंच म्हणाले, "बरं वहिनी." आणि फोन ठेवला.

बरं वहिनी! या माणसाने मला जन्मात कधी बरं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मीही केला नाही. खोटं ते बोलले आणि फोन मी करायचा? फोन मेजावर पालथा घालून ठेवायचे, म्हणजे त्याच्याकडे लक्ष जाणार नाही, आणि मग आवाज बंद तर नाही ना म्हणून दर थोड्या वेळाने उलटा करून बघायचे. संध्याकाळ फार लांब असते हो. जेवण उरकून, भांडी घासून, ओटा दोनदा पुसून झाला तरी झोपायची वेळ होत नाही. पंपावर एक पिकअप आली, एकेका चाकाला धक्के झेलणारे दोन दोन शॉकअप लावलेली. खिडकीतून बघता बघता मी मोठ्याने बोलले, "अरे, एवढं वजन तरी काय टाकतोस रे मागे?" माझा आवाज खोलीत फिरून माझ्याकडेच आला. खोलीत उत्तर द्यायला कोणी नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी थोडा वेळ थांबले.

रविवारी मुलीचा फोन आला. जेवले म्हटलं. घेतल्या म्हटलं. तिला सांगावंसं वाटलं की तुझे काका माझ्याशी बोलत नाहीत. पण कशावरून बोलत नाहीत ते तिला कळलं नसतं, आणि कळलं असतं तर ती हसली असती.

त्यानंतरची एक संध्याकाळ. मी आरशासमोर केस विंचरत होते. पाठीमागे खिडकी, खिडकीत पंप. आरशात दिसलं की एक ट्रक माझ्या घराकडे तोंड करून उभा आहे आणि केबिनच्या एका अंगाला धुराडं वर गेलंय. हात केसांत आणि तोंड सवयीने म्हणालं, धुराडं उजवीकडे. मग खिडकीशी जाऊन नीट पाहिलं. धुराडं डावीकडे होतं.

मी फणी हातात धरून तशीच उभी राहिले.

आरशात उलटं दिसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमचा डोळा समोरच्या गाडीची बाजू आपोआप फिरवून घेतो. आरशात ती आधीच फिरून आलेली असते, आणि आपण सवयीने पुन्हा फिरवतो. ही चूक मुरलेला माणूसच करणार. एखादा नवशिक्या आरशात बघून बरोबर सांगून गेला असता.

भाऊजींनी गाडी पाहिली होती. आरशात पाहिली होती.

मग एकेक आठवायला लागलं. पूर्वी ते ट्रकच्या कपाळावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचे आणि त्यावर टिंगल करायचे. कित्येक महिन्यांत वाचलं नव्हतं. नंबरही सांगितला नव्हता. डावं-उजवं तर ते हल्ली बोलतच नव्हते, ड्रायव्हरच्या अंगाला आणि पलीकडल्या अंगाला, असं म्हणायचे. जपून बोलत होते. त्या दिवशी एकदा तोंडातून निसटलं आणि मी त्यांना खोटारडा ठरवलं. पण खिडकी उशाशी असताना माणूस आरशात रस्ता का बघेल? एकच कारण असू शकतं. त्याला वळता येत नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरली. बसमध्ये सगळा वेळ मी मनात त्यांना झापत होते. एवढे महिने रंगकाम सांगितलंत, मी काय परकी आहे? मी काय मेले होते?

दार सुनेने उघडलं. मला बघून तिचा चेहरा पडला, आणि मग एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दारातच सांगून टाकलं तिने. न्हाणीघरात घसरले, कण्याला लागलं, तेव्हापासून कमरेखाली काही नाही, कूससुद्धा बदलता येत नाही. हिवाळ्यापासून हे असंच. डॉक्टर म्हणतात, यापुढे उतरणच. काकूंना कळलं तर मी जेवण सोडीन, अशी शपथ घालून ठेवलीय आम्हाला. आणि हल्ली तसंही ते जेवत नाहीत, काकू, त्या दिवशी फोन ठेवला तेव्हापासून.

पोरीच्या मनात पाहुण्यांचं काहीच नव्हतं. मी तिच्याबद्दल काय काय समजून बसले होते.

मी आत गेले. खोली एवढी अरुंद की खाट फिरवायची तर भिंत पाडावी लागेल. खाटेचं डोकं खिडकीखाली. पायांकडे कपाट ओढून आणलेलं, त्याच्या दाराला आरसा, आणि दार अर्धवट उघडून खाली वीट लावलेली, ते हलू नये म्हणून. आरशात रस्ता येत होता, थांबलेल्या गाड्या येत होत्या, आणि एका कोपऱ्यात दार. मला त्यांचा चेहरा दिसायच्या आधी त्यांना मी आरशात दिसले.

कितीसे उरले होते हो भाऊजी. शाफ्ट एकट्याने खांद्यावर टाकून नेणारा माणूस, पांघरुणाखाली आहे की नाही कळेना. बसमध्ये जुळवलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी खुर्ची ओढून बसले. पांघरूण सारखं केलं. त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "भाऊजी, तुमचंच बरोबर होतं. गोळा उजवीकडेच होता. माझं चुकलं."

त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं कुठेतरी कळ आली. मी सुनेला हाक मारणार तेवढ्यात ते बोलले.

"मलाही हो म्हणायला लागलात, वहिनी?"

मला आधी अर्थच लागला नाही.

"दादा अंथरुणाला खिळला, त्या दिवसापासून तुम्ही त्याच्याशी एकदाही भांडला नाहीत. तो मुद्दाम चुकीचं बोलायचा, तुम्ही भांडाल म्हणून. त्या लाल पिकअपला पुढे पाटे आहेत म्हणाला, आठवतंय? तिला वेटोळ्याच्या स्प्रिंगा होत्या. तुम्हीच काउंटरवरून काढून दिलेल्या. तुम्ही म्हणालात, हो, असतील. तुम्ही बाहेर गेल्यावर दादा मला म्हणाला, ती हो म्हणायला लागली रे, म्हणजे माझं काही आता खरं नाही."

मला आठवत होतं. अगदी शब्दन् शब्द आठवत होतं. मला वाटलं होतं की औषधांनी ह्यांना विसरायला होतंय. आजारी माणसाचं मन कशाला मोडा म्हणून मी हो म्हणायचे, वर हसूनही दाखवायचे, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. हे माझ्या भांडणाची वाट बघत होते, आणि मी उशी सारखी करत होते. एवढी वर्षं एका छपराखाली भांडून मला एवढं कळलं नाही.

भाऊजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढंच त्यांना वळवता येत होतं. भिंतीकडे बघतच म्हणाले की म्हणूनच तुम्हाला कळू दिलं नाही. घरात सगळे हळू बोलतात. मुलगा हळू बोलतो, सून हळू बोलते, डॉक्टर हसून बोलतो. दिवसातून एकदा कोणीतरी माझ्यावर ओरडत होतं, तेही आता गेलं.

मला रडू आवरत नव्हतं. पण त्याच्याही वर मला राग आला. त्यांचा आला, ह्यांचा आला, माझा स्वतःचा तर फारच आला. मी हात सोडला आणि उभी राहिले.

"इकडे बघा. गोळा डावीकडे होता," मी म्हटलं. "तुम्ही आरशात बघून उलटं सांगितलंत. नवशिक्या पोराने केली नसती अशी चूक केलीत आणि वर मला म्हणता दुसरी गाडी पाहिली असेल. कंपनीचा ॲक्सल म्हणे. लाज वाटली पाहिजे."

त्यांनी मान वळवली. मग म्हणाले की आरसा वाकडा लागलाय, त्यात त्यांचा काय दोष. मी म्हटलं, आरसा वाकडा असला की डाव्याचं उजवं होत नाही, अक्कल वाकडी असली की होतं. ते म्हणाले, तुम्ही तरी काय दिवे लावलेत, शाफ्टला जोड होता की अखंड होता ते पाहिलंत का? मी पाहिलं नव्हतं. तरी म्हटलं, अखंड. ते म्हणाले, शक्यच नाही, एवढ्या उंचीला अखंड शाफ्ट घालणारा मूर्ख असेल. आवाज इतका चढला की सून धावत आली आणि दारातच थबकली, हातातलं फडकं तसंच. त्या दिवशी भाऊजी जेवले. जेवतानाही भांडत होते.

निघताना मी त्यांना नमस्कार-चमत्कार केला नाही, तब्येतीला जपा म्हटलं नाही. फोन करा म्हटलं, तेही दरडावून. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बस बदलायची जागा येईपर्यंत मी रडले, शेजारची बाई चहाचं विचारत होती तरी थांबता येईना. भाऊजींसाठी रडत होते असं तिला वाटलं असतं, सांगितलं असतं तर. पण मी त्या लाल पिकअपसाठी रडत होते.

आता फोन रोज येतो. आवाज बारीक झालाय, मध्ये मध्ये दम घ्यायला थांबतात. ते थांबलेले कळल्याचं मी दाखवत नाही, तेवढ्यात मीच काहीतरी टोचून बोलते. भांडणं काढायची म्हणजे सोपं नाही, आधी तयारी लागते. दुपारी पंपावर जाऊन वाकून बघून येते. एखाद्या दिवशी काहीच सुचत नाही, मग जुनीच काढते.

काल फोन आला तेव्हा त्यांचा श्वास आधीच चढलेला होता, पण त्यात आनंद होता. म्हणाले, वहिनी, आज आली होती, जन्मात एकदा दिसते तसली. पुढचा ॲक्सल चाकांच्या मध्यावर नाहीच, त्याच्या वीतभर वर. चाकाच्या तोंडाशी वेगळ्या पेट्या, त्यांत वेगळे गिअर, म्हणून मधला आडवा दांडा एवढा उचललेला. खालून एखादं कुत्रं ताठ मानेने गेलं असतं. आणि गोळा डावीकडे. आरशात दिसला तो फिरवून घेतला नाही हं, विचार करून सांगतोय, डावीकडे.

मला डोळ्यांपुढे गाडी दिसत होती. असले ॲक्सल गॅरेजात एकदाच आले होते, हे आणि भाऊजी दोन दिवस त्यांच्याभोवती बसून होते. पेट्या, दांडा, गोळा, सगळं त्यांनी अचूक सांगितलं होतं. तसल्या अवस्थेत, एका आरशात, गाडी थांबते तेवढ्या वेळात. मला म्हणावंसं वाटलं, वा भाऊजी.

"काहीतरीच," मी म्हटलं. "नुसते थोरले टायर असतील. चुकलात तुम्ही."

आणि ते तावातावाने भांडायला लागले.